संगीत कार्यक्रमाची मांडणी आणि आवराआवर : वेळेच्या नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सव मंडळे, महाविद्यालये, संगीत सभा आणि प्रथमच गाण्याचा कार्यक्रम ठरवणारे हौशी संयोजक यांच्याकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत दिलेले तास आणि मिनिटे रंगमंचामागे काम करताना आलेल्या अनुभवावरून धरलेली आहेत. आपल्या कार्यक्रमाचे अंतिम वेळापत्रक साउंडवाले, लाइटवाले आणि नाट्यगृहाचे व्यवस्थापक यांच्याशी बोलूनच ठरवावे.

१. मांडणीचा वेळ नेमका कुठून कुठपर्यंत मोजायचा?

सामानाचा टेम्पो मागच्या दाराला लागतो तेव्हा मांडणी सुरू होते आणि प्रेक्षकांसाठी दारे उघडतात तेव्हा ती संपते. कार्यक्रम सुरू होण्याची वेळ या हिशेबात धरायचीच नसते, आणि नव्या संयोजकांची बहुतेक ओढाताण याच एका चुकीतून सुरू होते. कार्यक्रम साडेसहाचा असेल तर दारे सहाला उघडतात. त्या वेळी रंगमंचावर शिडी, मोकळी वायर किंवा रिकामी पेटी दिसता कामा नये. कलाकारांना कपडे बदलून निवांतपणे चहा घेता यावा म्हणून साउंड चेक साडेपाचलाच संपवावा लागतो. म्हणून वेळापत्रक नेहमी दार उघडण्याच्या वेळेपासून उलटे मोजत यावे: आधी साउंड चेक, त्याच्या आधी लाइन चेक (दोन्हींचा अर्थ प्रश्न ४ मध्ये आहे), त्याच्या आधी जोडणी, त्याच्या आधी उभारणी आणि सर्वांत आधी सामान उतरवणे. पुढून मोजत आलेल्या वेळापत्रकात प्रत्येक टप्पा थोडा थोडा लांबतो आणि सगळी तूट शेवटच्या टप्प्यातून, म्हणजे साउंड चेकमधून, भरून काढली जाते. गायकाला आणि साथीदारांना ज्याची खरी गरज असते तोच टप्पा असा कापला जातो.

२. साधारण किती वेळ धरावा?

गायक, तबला, पेटी आणि दोन तंबोरे अशी बैठकीची मैफल असेल आणि ध्वनियंत्रणा सभागृहाचीच वापरायची असेल, तर दीड ते दोन तास पुरतात. त्याच मैफलीसाठी यंत्रणा बाहेरून आणायची असेल तर तीन तास धरावेत. बारा-पंधरा वादकांचा वाद्यवृंद, ड्रम सेट, दोन-तीन कीबोर्ड, ढोलकी, बासरी आणि चार-पाच गायक असतील तर मिक्सरवर (सगळे आवाज एकत्र करून त्यांचा तोल साधणाऱ्या यंत्रावर) तीसच्या आसपास चॅनेल, म्हणजे प्रत्येक मायक्रोफोनसाठी किंवा वाद्यासाठी वेगळी वाट, लागतात आणि पाच ते सहा तासांपेक्षा कमी वेळात ते काम नीट होत नाही. खुल्या मैदानावर ट्रस (दिवे आणि स्पीकर टांगण्याचा धातूचा सांगाडा), एलईडी वॉल आणि टांगलेले स्पीकर असतील तर मांडणी आदल्या दिवशी सुरू करावी. त्याची कारणे प्रश्न ७ मध्ये आहेत.

३. नाट्यगृह सत्रावर मिळते. त्या वेळेत हे सगळे कसे बसवायचे?

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक नाट्यगृहे सकाळ, दुपार आणि रात्र अशा सत्रांनी दिली जातात, आणि ही पद्धत मुळात नाटकाच्या प्रयोगाला सोयीची आहे. नाटकाचे नेपथ्य ठरलेले असते, मंडळींना ते पाठ असते आणि दीड तासात ते उभे राहते. वाद्यवृंदाचे तसे नसते. रात्रीचे सत्र घेतले आणि आधीच्या सत्रात नाटक असेल, तर पडदा पडल्यानंतर त्यांचे नेपथ्य उतरेपर्यंत रंगमंच आपल्या हाती येत नाही, आणि तोवर आपला टेम्पोही मागच्या दाराशी लागू शकत नाही, कारण तेथे त्यांचा ट्रक उभा असतो.

वाद्यवृंद मोठा असेल तर लागून असलेली दोन सत्रे घ्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या सत्राचे भाडे वाचवून जो कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू होतो, तो प्रेक्षकांच्या लक्षात त्या उशिरासाठीच राहतो. ते शक्यच नसेल तर शक्य तितकी जोडणी बाहेर उरकून यावी. मायक्रोफोन स्टँडवर चढवून, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चॅनेलचा क्रमांक असलेली चिकटपट्टी लावून, तालवाद्यांच्या आठ वायरी एका छोट्या मल्टीकोरमध्ये (अनेक वायरी एकत्र नेणाऱ्या केबलमध्ये) आधीच खोचून आणल्या, तर रंगमंचावर फक्त एकच जाड केबल ओढावी लागते. वादक कुठे बसणार याचा नकाशा कागदावर काढून साउंडवाल्यांना दोन दिवस आधी द्यावा. तो नकाशा मिळाला की त्यांची माणसे कुणालाही काही न विचारता कामाला लागतात आणि निदान अर्धा तास वाचतो.

४. लाइन चेक आणि साउंड चेक यांत फरक काय?

लाइन चेकमध्ये प्रत्येक मायक्रोफोनचा आणि वाद्याचा सिग्नल योग्य चॅनेलवर येतो की नाही, एवढेच पाहतात. हे काम साउंडवाल्यांचा माणूस एकट्याने, कलाकार नसताना करू शकतो. मायक्रोफोनवर बोट फिरवत किंवा ‘एक, दोन, तीन’ म्हणत तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. साउंड चेक कलाकारांबरोबर होतो. त्यात आवाजाचा पोत, वाद्यांचा परस्पर तोल आणि प्रत्येकाच्या मॉनिटरमध्ये (कलाकाराला ऐकू यावे म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) कुणाचा आवाज किती हवा हे ठरते. कलाकार येऊन बसल्यावर लाइन चेक करणे हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे. चॅनेलमागे दोन मिनिटे धरून ते काम ते येण्याआधीच संपलेले असावे.

५. साउंड चेकला किती वेळ लागतो? शास्त्रीय गायनाला त्याची गरज असते का?

वाद्यवृंदाला दीड तास, मैफलीला पाऊण तास. शास्त्रीय गायनाला गरज कमी नसते, उलट तेथे काम अधिक नाजूक असते, कारण मायक्रोफोन थोडे असले तरी प्रत्येक उघडा आणि संवेदनशील असतो. तंबोऱ्यासाठी ठेवलेला मायक्रोफोन तबल्याचाही आवाज घेतो आणि मॉनिटर जरा वाढला की शिटी येते.

येथे एक गोष्ट वेळापत्रकात नावानिशी लिहावी: वातानुकूलन. तबल्याच्या पुडीवर आणि तंबोऱ्याच्या तारांवर हवेतील उष्णतेचा आणि दमटपणाचा परिणाम होतो. उकाड्यात साउंड चेक झाला आणि प्रेक्षक आत येताना वातानुकूलन सुरू केले, तर तासापूर्वी लावलेला तबला पहिल्या ख्यालाच्या वेळी जागेवर नसतो. तबलावादक मग आलाप चालू असताना मान खाली घालून हातोडीने गट्टे ठोकत, गजऱ्यावर हलके प्रहार करत एकेक घर पुन्हा सुरात आणत राहतो. पहिल्या रांगेतील श्रोत्यांना ते दिसतेही आणि ऐकूही येते. म्हणून वातानुकूलन आणि रंगमंचावरील मुख्य दिवे साउंड चेकच्या एक तास आधी सुरू करावेत आणि कार्यक्रम संपेपर्यंत तसेच ठेवावेत. त्या तासाचे वेगळे पैसे पडत असतील तर ते द्यावेत.

रिकाम्या सभागृहात आवाज अधिक घुमतो. माणसे आणि त्यांचे कपडे तो शोषून घेतात. त्यामुळे साउंड चेकला किंचित घुमलेला आवाज पाहून संयोजकांनी घाबरून जाऊ नये.

६. कलाकार साउंड चेकला उशिरा येणार आहेत. काय करावे?

त्यांची वाट पाहत बसू नये. ज्या उंचीचा स्टँड त्यांना लागतो त्या उंचीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवून आवाज लावून घ्यावा, साथीदार आले असतील तर त्यांचा तोल पूर्ण करावा, आणि मुख्य कलाकारासाठी दारे उघडण्यापूर्वीची शेवटची वीस मिनिटे मोकळी ठेवावीत. तेवढीही मिळणार नसतील तर दारे उशिरा उघडायची की साउंड चेकशिवाय कार्यक्रम करायचा, हा निर्णय एकाच व्यक्तीने घ्यावा, आणि ती व्यक्ती कोण हे सकाळीच ठरलेले असावे.

७. मैदानावरील कार्यक्रमाला इतका जास्त वेळ का लागतो?

मैदानावर काहीच तयार नसते. आधी मंडपवाल्यांचा रंगमंच आणि छत पक्के झाल्याशिवाय ट्रस चढत नाही, ट्रसशिवाय दिवे आणि स्पीकर टांगता येत नाहीत, आणि ते वर गेल्याशिवाय खालचे काम सुरक्षित नसते. डोक्यावर वजन चढत असताना रंगमंचावर इतर कुणीही काम करू नये, त्यामुळे तो सगळा वेळ इतरांसाठी थांबण्याचा असतो.

मैदान खोल असेल तर मध्यावर आणखी स्पीकर लावावे लागतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून ३४ मीटरवरील श्रोत्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तर वायरीतून मधल्या स्पीकरला सिग्नल लगेच पोचतो. तेवढाच उशीर यंत्रात मुद्दाम घातला नाही तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे मोजमाप शांततेत, निवांत वेळी आणि मोठा आवाज लावूनच करावे लागते; शेजारच्या वस्तीला आणि पोलिसांना त्याची वेळ आधी सांगून ठेवावी.

८. वीजजोडणीचे काम कधी व्हावे?

सर्वांत आधी, एकही यंत्र सुरू करण्यापूर्वी. परवानाधारक वीजतंत्र्याने अर्थिंग तपासावे, फेज आणि न्यूट्रलमधील दाब २३० व्होल्टच्या आसपास आहे हे मीटर लावून पाहावे आणि दिव्यांची व ध्वनियंत्रणेची लाइन वेगळी ठेवावी, नाहीतर डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे यंत्र) वरखाली केला की स्पीकरमधून गुरगुर येते. यासाठी अर्धा-पाऊण तास ठेवावा. जनरेटर कार्यक्रमाच्या एक तास आधी सुरू करून भार देऊन पाहावा.

जनरेटरवाल्याशी बोलताना परतीची वेळही ठरवून घ्यावी. एका तालुक्याच्या गावी आमचा कार्यक्रम संपताच जनरेटर बंद करून नेण्यात आला, कारण ठरलेली वेळ ‘कार्यक्रम संपेपर्यंत’ अशी होती. त्यानंतर दोन तास आम्ही मोबाइलच्या उजेडात ट्रस उतरवला. कुणाला दुखापत झाली नाही, पण एक मुलगा पायरी न दिसल्याने स्पीकरसकट घसरला, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून आमच्या करारात ‘शेवटचा टेम्पो सुटेपर्यंत’ असे शब्द असतात.

९. रात्री दहाच्या नियमाचा वेळापत्रकावर काय परिणाम होतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापरण्याला अपवाद आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते; आपला दिवस त्यांत आहे असे गृहीत न धरता जिल्हा प्रशासनाची त्या वर्षीची यादी पाहावी. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रांचे निर्बंध याहून कडक असतात. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगत असे, आणि त्यालाही आपली रचना या वेळेप्रमाणे बदलावी लागली.

व्यवहारात याचा अर्थ असा की खुल्या जागेत दहा ही शेवटच्या भैरवीची वेळ नसून शेवटच्या शब्दाची वेळ आहे. आभारप्रदर्शन आणि पाहुण्यांचे सत्कार त्याच्या आत बसवावे लागतात. ते मध्यंतरानंतर लगेच उरकावेत आणि शेवट गाण्यानेच करावा.

१०. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचे वेळापत्रक कसे आखावे?

हा सर्वांत अवघड प्रकार आहे, कारण प्रश्न ९ मधील नियम येथे दोन्ही बाजूंनी आडवा येतो. उद्यानात किंवा मैदानात कार्यक्रम असेल तर सहाच्या आधी ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि आदल्या रात्री दहानंतर साउंड चेकही करता येत नाही. त्यामुळे मांडणी आदल्या दिवशी दुपारी सुरू करून साउंड चेक रात्री नऊपर्यंत संपवावा, मिक्सरमधील मांडणी जतन करून ठेवावी, आणि पहाटे साडेचारला फक्त हेडफोनवर लाइन चेक करावा. कलाकारांना आदल्या संध्याकाळी बोलवायचे आहे हे त्यांच्याशी बिदागी ठरवतानाच बोलावे. ऐन लक्ष्मीपूजनाच्या किंवा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घर सोडून यायचे असते, याची जाणीव ठेवावी.

रात्री सामान तसेच राहते, म्हणून दोन जागते पहारेकरी लागतात. त्या दिवसांत पहाटे दव पडते. आम्ही मायक्रोफोन, मिक्सर आणि वाद्ये रात्री बंद खोलीत नेतो आणि स्पीकर ताडपत्रीने झाकतो. पहाटे ताडपत्री उचलताना पाणी मागे, यंत्रापासून दूर सोडावे लागते, आणि त्यासाठी चार माणसे चार कोपऱ्यांना लागतात. गाद्या आणि लोड कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीच टाकावेत. आदल्या रात्री टाकलेली गादी पहाटे ओली लागते आणि त्यावर कलाकाराला बसवणे शोभत नाही.

११. दोन कलाकारांमध्ये बदलाला किती वेळ ठेवावा?

मैफलीला पंधरा मिनिटे, वाद्यवृंदाला तीस. पुढच्या तबलावादकाने तंबोऱ्याशी सूर जुळवण्याचे काम आत खोलीत उरकून घ्यावे, आणि आतले हवामान शक्यतो रंगमंचासारखेच असावे (प्रश्न ५ पाहा). आधीच्या कलाकाराभोवती नमस्कारासाठी गर्दी जमते. त्यांना आदराने विंगेत नेण्यासाठी एक ज्येष्ठ कार्यकर्ता नेमावा, म्हणजे रंगमंच मोकळा होतो आणि कुणाचा विरसही होत नाही.

१२. पाऊस किंवा जोराचा वारा आला तर?

पाण्याचा पहिला थेंब पडताच मुख्य वीज बंद करायची, नंतर झाकायचे. हा क्रम उलटा होऊ देऊ नये. वाऱ्यात एलईडी वॉल आणि टांगलेले स्पीकर खाली घेण्याचा निर्णय उभारणी करणाऱ्या प्रमुखाचा असतो आणि संयोजकाने त्यात घासाघीस करू नये. ओल्या वायरी गुंडाळून पेटीत बंद करता येत नाहीत, त्यामुळे आवराआवरीला निदान दीडपट वेळ लागतो.

१३. आवराआवरीला किती वेळ धरावा?

मांडणीच्या निम्मा. साउंड चेक आणि जोडणीतील विचार नसल्यामुळे काम वेगाने होते, पण माणसे दमलेली असतात, आणि माझ्या पाहण्यातील बहुतेक इजा आणि बहुतेक हरवलेल्या वस्तू याच टप्प्यातल्या आहेत. क्रम असा ठेवावा. प्रथम कलाकारांची वाद्ये त्यांच्या हाती सोपवावीत. मग अँप्लिफायर बंद करावेत आणि त्यानंतर मिक्सर. सुरू करताना याच्या उलट, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. मग मायक्रोफोन यादीप्रमाणे मोजून पेटीत जातात. स्टँड, मॉनिटर, वायरी आणि सर्वांत शेवटी टांगलेले सामान उतरते. वायर कोपरावर गुंडाळली की आतले तंतू पिळवटतात आणि पुढच्या कार्यक्रमाला ती खरखरते. हातातच एक वेढा सुलटा, एक उलटा असा घेत ती गुंडाळावी. शिकायला दहा मिनिटे लागतात आणि वायर कितीतरी अधिक टिकते.

टेम्पो भरताना उद्या जे आधी लागणार ते शेवटी चढवावे. वीजपेटी आणि केबल तळाशी गेल्या तर दुसऱ्या दिवशी सगळा टेम्पो रिकामा होईपर्यंत काम सुरू होत नाही.

१४. प्रेक्षक सभागृहात असतानाच आवरायला घ्यावे का?

वाद्ये आणि मायक्रोफोन उचलावेत. दिवे, ट्रस आणि मोठ्या पेट्यांना सभागृह रिकामे होईपर्यंत हात लावू नये. लहान मुले हमखास रंगमंचाजवळ येतात.

१५. माणसे दुप्पट केली तर वेळ निम्मा होतो का?

सामान उतरवण्याचा आणि चढवण्याचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. जोडणीचा होत नाही, कारण मिक्सरसमोर एकच माणूस बसतो. पैसे खर्चायचेच असतील तर ते आवराआवरीसाठी ताजी माणसे आणण्यावर खर्चावेत. सकाळी सातपासून राबणारी मुले रात्री अकराला डोक्यावरून वजन उतरवतात आणि त्यांतलाच एकजण मध्यरात्री टेम्पो घेऊन पुण्याहून नागपूरकडे निघतो, ही आपल्याकडील सर्रास पद्धत आहे आणि ती बंद व्हायला हवी. चालकाला मांडणीच्या कामाला लावू नये. त्याच्या दुपारच्या झोपेची जागा आणि वेळ वेळापत्रकात लिहावी.

१६. आम्ही परदेशात महाराष्ट्र मंडळासाठी कार्यक्रम ठरवत आहोत. वेगळे काय पाहावे?

तेथील शाळांची आणि महाविद्यालयांची सभागृहे बऱ्याचदा तासावर मिळतात आणि ठरलेल्या वेळेनंतर कर्मचाऱ्यांचा जादा आकार लागतो, म्हणून प्रश्न १३ मधील वेळ भाड्यातच धरावा. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. भारतातून नेलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा अडॅप्टर त्यावर चालतो का, हे निघण्यापूर्वी त्यावरील अक्षरे वाचून पाहावे. गाद्या, चौकी आणि पांढरी चादर तेथे कुणी देत नाही. ती मंडळाच्या सभासदांच्या घरून आणावी लागतात, आणि ती कोण कधी आणणार हेही वेळापत्रकात लिहावे.

१७. कार्यक्रम लांबला आणि नाट्यगृह सोडण्याची वेळ झाली, तर काय?

मध्यंतर संपताना उरलेल्या वेळेचा हिशेब करून तो कलाकाराला चिठ्ठीवर लिहून द्यावा; गाण्यात बुडालेल्या माणसाला विंगेतून हात हलवून घड्याळ दाखवू नये. तरीही लांबलेच तर पुढच्या सत्राच्या मंडळींना स्वतः जाऊन भेटावे, सामान आधी विंगेत आणि मग बाहेरच्या ओट्यावर काढून रंगमंच त्यांच्यासाठी रिकामा करावा, आणि मोजणी व भरणी ओट्यावर करावी. मायक्रोफोनची यादी मात्र रंगमंच सोडण्यापूर्वीच पूर्ण करावी, कारण पुढच्या मंडळींचे सामान आत आल्यावर कुणाचा मायक्रोफोन कोणता हे ओळखता येत नाही.